चार दिवसांची मुंबई: आधी वार बघा, मग नकाशा, लिस्ट सगळ्यात शेवटी

सुट्ट्या लागल्या की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, चार दिवस मुंबईला येतोय, कसं फिरू, आणि सोबत लिस्ट तयार असते, गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, एलिफंटा, हाजी अली, जुहू, म्हातारीचा बूट, झालंच तर एखाद्या हिरोचा बंगला. लिस्ट चांगलीच आहे, बंगला सोडून (तिथे बंद गेट आणि गर्दी, दुसरं काही दिसत नाही, अर्धा दिवस मात्र जातो). पण लिस्टच्या क्रमाने फिरायला निघालात तर चारातले दोन दिवस प्रवासातच जातील. मुंबई लांबट आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे पसरलेली, कुलाबा एका टोकाला आणि बोरिवली दुसऱ्या टोकाला, आणि सगळं शहर सकाळी दक्षिणेकडे धावतं आणि संध्याकाळी उत्तरेकडे. हे एवढं डोक्यात बसलं की प्लॅन करणं सोपं जातं, कारण तुम्हाला फक्त गर्दीच्या उलट्या दिशेने जायचंय.

सगळ्यात आधी वार बघा, कारण लोक इथेच फसतात. घारापुरी म्हणजे एलिफंटा सोमवारी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि त्यातली कान्हेरी लेणी पण सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद आणि त्याच आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पण बुधवारीच. चोर बाजार शुक्रवारी बंद असतो. सिद्धिविनायकाला मंगळवारी जाऊ नका, म्हणजे नवस असेल तर जा, पण मग त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. तारापोरवाला मत्स्यालय लिस्टमध्ये असेल तर काढून टाका, ते बंद आहे, जुन्या आठवणीवर लोक अजून पोरांना घेऊन जातात तिथे. माझं ऐकाल तर गुरुवार ते रविवार या, म्हणजे हे बंदचे वार जवळजवळ सगळे टळतात.

राहायचं कुठे? बहुतेकांचे नातेवाईक डोंबिवलीला नाहीतर बोरिवलीला असतात आणि हॉटेलला पैसे कशाला घालायचे हा विचार बरोबरच आहे, पण डोंबिवलीहून सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) फास्ट लोकलने सव्वा तास धरून चाला, म्हणजे जाऊन येऊन अडीच तास आणि तेही सकाळच्या गर्दीत. सोबत आजी-आजोबा किंवा लहान पोरं असतील तर निदान दोन रात्री दादरला काढा आणि उरलेल्या दोन नातेवाइकांकडे, मामा-मावशी पण खूश. दादर मी एवढ्यासाठी सांगतो की वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइन तिथे मिळतात, मेट्रो आहे, खायला-प्यायला आपल्या चवीचं आहे, आणि दक्षिण मुंबईतल्या फोर्ट भागापेक्षा खोल्या स्वस्त पडतात. बुक करताना स्टेशनपासून चालत किती वेळ लागतो ते फोन करून विचारा, कारण "दादरजवळ" लिहिलेलं हॉटेल कधीकधी पार सायनला निघतं.

आता लोकल. घाबरू नका तिला, पण थोडी समजून घ्या. सकाळी आठ ते साडेदहा दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या टाळा, बाकी वेळेला आरामात बसायला मिळतं. फर्स्ट क्लासचा डबा वेगळा, एसी लोकलचं तिकीट वेगळं, साध्या तिकिटावर तिथे चढलात तर दंड होतो आणि "आम्ही बाहेरगावचे" म्हटल्याने तो माफ होत नाही. स्लो गाडी सगळीकडे थांबते, फास्ट मधली स्टेशनं सोडते, इंडिकेटरवर एस की एफ ते बघूनच चढा. रेल्वेचं एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं, तिकीट खिडकीवर मागा, रोज रांगेत उभं राहायचं वाचतं. बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये असे वेगळे बसणार असाल तर उतरायचं स्टेशन आणि प्लॅटफॉर्मवर भेटायची जागा चढायच्या आधी ठरवा, पुलाखाली, इंडिकेटरखाली, काहीही, पण एकच. आणि कुणी मागे राहिलंच तर पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनला उतरून थांबायचं हा नियम पोरांना पण पाठ करून ठेवायला सांगा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी असतात, कुठल्या लाइनवर आहे ते आदल्या दिवशी बातम्यांत बघून घ्या.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय आणि पाहुण्यांसाठी तर ती वरदान आहे, एअरपोर्ट, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट सगळं एका लाइनीत, एसी, लिफ्ट आहे, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना लोकलचे पूल चढायला नकोत. रिक्षा मात्र दक्षिण मुंबईत नाहीच, वांद्रे आणि सायनच्या पलीकडे ती येत नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस.

तर गुरुवार. पहिला दिवस फोर्टला द्या आणि तो पायी करा, सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर भरतं सगळं मिळून. साडेदहानंतर पोचा. सीएसएमटीची इमारत १८८८ ची, फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली, आणि समोरची महापालिकेची पण त्याचीच, १८९३ ची. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहून स्टेशन बघा, आत गर्दीत उभं राहून ते दिसत नाही. तिथून डी. एन. रोडने कमानींखालून चालत हुतात्मा चौक, इथे पाच मिनिटं थांबाच, संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी जीव दिला त्यांचं स्मारक आहे, पोरांना सांगा ती गोष्ट. मग ओव्हल मैदान. ह्या मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, सगळं दगडी गॉथिक, आणि दुसऱ्या बाजूला १९३० च्या आसपासच्या गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा. ह्या दोन रांगांना मिळूनच २०१८ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळालाय. फुकट आहे, तिकीट नाही, आणि तरी बहुतेक लोक टॅक्सीतून बघत निघून जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. दुपारचं ऊन तापलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा, दोन तास तरी हवेत. ते ज्या जॉर्ज विटेटने बांधलं त्यानेच गेटवे ऑफ इंडिया पण बांधलाय, म्हणून हे दोन्ही एकाच दिवशी बघायला मजा येते. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह, आणि साडेआठ वाजून गेल्याशिवाय परतीची गाडी पकडू नका.

शुक्रवारी उलटी दिशा. सकाळी सगळी मुंबई खाली येत असते तेव्हा तुम्ही दादरहून बोरिवलीला जा, बसायला जागा मिळेल. नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, चालत जायचा विचार करू नका, आत बस मिळते. पार्कचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं. शंभरावर गुंफा आहेत, सगळ्या बघायच्या नसतातच, तीन नंबरचं चैत्य म्हणजे प्रार्थनागृह आणि त्याच्या व्हरांड्यातले ते उंच बुद्ध बघा, आणि मग जरा वर चढून पाण्याची टाकी आणि कातळात खोदलेले पाट बघा, डोंगरावर पडणारं पाणी भिक्षूंनी कसं अडवून साठवलं होतं ते तिथे डोळ्यांनी कळतं. वर दुकानं फार नाहीत, पाणी आणि खाऊ सोबत ठेवा, पिशवी बंद ठेवा, माकडं आहेत. चार वाजता खाली उतरलात की वांद्र्याला या, बॅण्डस्टॅण्ड, किल्ल्यावरून दिसणारा सी लिंक, माउंट मेरी. संध्याकाळी बोरिवलीहून वांद्रे आणि वांद्र्याहून दादर दोन्ही गर्दीच्या उलटं आहे, म्हणूनच हा क्रम.

शनिवारी घारापुरी. ह्यासाठी सकाळ लागते, नऊच्या आसपास गेटवेवरून पहिल्या लाँच सुटतात, त्यातलीच एखादी पकडा. एक तास समुद्र, लाइफ जॅकेट देतील ते घालायचं, पोरांनी तर घालायचंच. जेट्टीवरून छोटी ट्रेन आहे आणि मग साधारण १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं, खरेदी उतरताना करा. डोलीपण मिळते, भाव आधी ठरवा. मुख्य लेण्यात शिरल्यावर लगेच मोबाइल काढू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग समोरचा सदाशिव हळूहळू दिसायला लागतो, वीसेक फूट उंच, तीन मुखं, एका बाजूला रौद्र आणि दुसऱ्या बाजूला इतकं कोवळं की एकाच दगडातलं आहे यावर विश्वास बसत नाही. अर्धनारीश्वर, गंगावतरण, कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीचं लग्न, प्रत्येक पॅनेलपुढे थांबा. बरीच शिल्पं तुटलेली आहेत, तरी थांबा. गाइड घेतलात तर पैसे वसूल होतात. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ जातानाच विचारून ठेवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, म्हणून जून ते सप्टेंबर येणाऱ्यांनी घारापुरी पक्की धरू नये. येऊन जेवलात की दुपार गेलीच, संध्याकाळी कुलाबा कॉजवेला खरेदी, एवढंच.

रविवार हलका ठेवा. पहाटे सिद्धिविनायक, मग मलबार हिलला हँगिंग गार्डन, पोरांना म्हातारीचा बूट, आणि तिथून बाणगंगा. वाळकेश्वरचं हे तळं, पायऱ्या, दीपमाळा, भोवतीची देवळं, टॉवरच्या गराड्यात असं काही उरलंय हेच कितीतरी मुंबईकरांना माहीत नाही. खाली आलात की मणिभवन, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की इथे उतरायचे, अर्ध्या तासात बघून होतं. मग गिरगाव, खोताची वाडी, तिथली लाकडी जिन्यांची घरं बाहेरून बघा, लोक राहतात तिथे, आवाज करू नका. हाजी अली जोडायचं असेल तर भरतीची वेळ बघा, भरतीला वाट पाण्याखाली जाते. राणीची बाग रविवारी नकोच, पेंग्विनच्या रांगेतच दुपार जाईल, पोरं हट्टच करत असतील तर मरीन ड्राइव्ह शनिवारी टाका आणि गुरुवारी दुपारी संग्रहालयाऐवजी बाग करा.

खाण्याचं वेगळं प्लॅनिंग लागत नाही. दादरला प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, आस्वादची मिसळ, कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव, मासे खाणाऱ्यांना मालवणी थाळी. फोर्टातली बरीच जुनी ठिकाणं रविवारी बंद असतात, इराण्याकडचा ब्रुन मस्का गुरुवारीच उरका.

परतीचं तिकीट आत्ताच काढून बघा, गाडी नक्की कुठून सुटते. लोकमान्य टिळक टर्मिनस म्हणजे कुर्ला स्टेशन नाही आणि बांद्रा टर्मिनस म्हणजे वांद्रे लोकलचं स्टेशन नाही, दोन्हीकडे लोकलने उतरून पुढे रिक्षा लागते, सामानासकट अर्धा तास जास्तीचा धरा. दादरहून गाडी असेल तर प्लॅटफॉर्मचे नंबर २०२३ च्या डिसेंबरमध्ये बदललेत, १ ते ७ वेस्टर्नचे आणि ८ ते १४ सेंट्रलचे, जुन्या सवयीने कुणी सांगितलं तर बोर्ड बघूनच जा. हॉटेल सकाळी सोडायचं असेल आणि गाडी रात्रीची असेल तर सामान स्टेशनच्या क्लोकरूमला ठेवा, बॅगेला कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं, ते दोन्ही हाताशी ठेवा.