सगळं करून पाहिलं तरी घोर जात नाही? या चुका टाळा

काळजी कमी करायचे उपाय आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाहीत. पहाटे उठा, प्राणायाम करा, फिरा, आठ तास झोपा. जळगाव-धुळ्यात कोणाचाही फोन उघडा, असे दहा मेसेज सापडतील. तरी चार दिवस करून सोडून देणारेच जास्त. बहुतेक वेळा उपायात खोट नसते, तो करायची वेळ आणि तऱ्हा चुकते. शिवाय ही वेळापत्रकं पंख्याखाली दहा ते सहा काम करणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. ज्याच्या शेताला रात्रीची लाइन, म्हणजे वीज रात्रीच, आहे किंवा जो भुसावळला रेल्वेच्या फिरत्या ड्युटीवर आहे, त्याने ती जशीच्या तशी उचलली की आठवड्यात बारगळतात.

धडधड सुरू झाल्यावरच श्वासाची आठवण

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. एरवी महिनाभर श्वासाकडे कोणी बघत नाही, आणि जीव घाबरा झाला की भराभर मोठे श्वास घ्यायला लागतात, कारण ‘दीर्घ श्वास घे’ एवढंच कानावर पडलेलं असतं. अशा श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणापेक्षा कमी होतो. मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं वाटतं, आणि माणूस आणखीच घाबरतो.

जोर श्वास सोडण्यावर द्यायचा. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत हळू बाहेर. आकडा एका सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी मोठ्या माणसाचे बारा ते वीस असतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपसूक थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पाच मिनिटं पुरेत, पण रोज, आणि मन शांत असताना. अंगवळणी पडलेली गोष्टच अडीअडचणीला उपयोगी येते. चटई-उदबत्तीची गरज नाही. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरूण टाकल्यावर करा, मोटर चालू करून बांधावर बसल्यावर करा. फक्त दर दोन मिनिटांनी ‘गेलं का टेन्शन?’ असं तपासू नका. तेही टेन्शनच.

मात्र छातीत कळ आली, ती हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम फुटला, तर आकडे मोजत बसायचं नाही. आधी दवाखाना आणि ईसीजी.

उन्हाचा त्रास आणि मनाचा त्रास यांची गल्लत

मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अंगातलं पाणी कमी झालं की ठोके वाढतात, चक्कर येते, चिडचिड होते. दुपारी शेतातून किंवा बाजारातून आल्यावर असं वाटलं तर आधी सावली, पाणी, मीठ-साखरेचं सरबत. माणूस असंबद्ध बोलायला लागला आणि अंग तापलं असेल तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर ओलं फडकं ठेवून लगेच दवाखान्यात न्या.

फिरायचं तर सूर्य वर यायच्या आत. आठवड्याला १५० मिनिटं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला ‘रोज फिरत जा’ म्हणणारे डॉक्टरही भेटतात. तिला फिरायला नव्हे, बसायला वेळ हवाय.

भाव बघत राहणं

केळी कापणीला आलेली, त्यात मे-जूनच्या वादळाचा धसका. किंवा कापूस घरात पडून, आणि खेडा खरेदीवाला कालच्यापेक्षा कमी भाव सांगून गेलेला. मग दिवसभर भावाचे ग्रुप आणि हवामानाचे नकाशे उघडले जातात. प्रत्येक वेळी क्षणभर बरं वाटतं, म्हणून हात परत फोनकडे जातो. हवामान सकाळ-संध्याकाळ एकेकदा, भाव दिवसातून एकदाच, असं बांधून घ्या.

उरलेल्या विचारांसाठी थॉमस बोरकोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये एक साधी पद्धत मांडली: काळजी करायला रोज अर्ध्या तासाची ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा. दिवसा विचार आला की वहीत एक ओळ टिपायची आणि हातातल्या कामाला लागायचं. वेळ झाली की वही उघडायची.

ही वेळ अंथरुणात ठेवली की फसली. दिवेलागणीच्या आधी उरका. दुसरं, वहीत नुसतं रडगाणं उतरवून उपयोग नाही. पानाचे दोन भाग करा. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचंय, तर कोणाला भेटायचं, कोणत्या वारी, हे एका बाजूला. ‘वारा आला तर?’ हे दुसऱ्या बाजूला; त्यावर आज करण्यासारखं काही नाही. केळीचा विमा उतरवला का, हा प्रश्न मात्र पहिल्या बाजूचा.

झोप ओढून आणणं

रात्री दोनला उठून मोटर चालू केली, की दुसऱ्या दिवशी लोक भरपाईसाठी आठलाच आडवे होतात आणि बारापर्यंत कूस बदलत राहतात. झोप यायला लागल्यावरच अंथरुणावर जा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, परत या. रात्रीची पाळी असेल त्या दिवशी संध्याकाळी तास-दीड तास झोपून घेणं फायद्याचं; एरवी दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटपा.

चहाचं काय करायचं? दारी गेलं की कपबशी येतेच, नाही म्हणावं तर नाना रागावतात. पण कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अर्धा शिल्लक. दुपारनंतर अर्धा कप मागा. एकदम तोडू नका, डोकं धरेल. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. तंबाखूने मन थाऱ्यावर येतं असं वाटतं ते तलफ भागल्यामुळे.

‘टेन्शन लेऊ नको रे भो’

ही घरच्यांची आणि मित्रांची चूक. मायेने म्हटलेलं असतं, पण समोरचा त्यावर गप्प होतो. त्याऐवजी ‘कशाचं जास्त वाटतंय?’ असं विचारून ओट्यावर नुसतं बसलात तरी चालेल. बायका हे न शिकता करतात; बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा हटायला गल्लीतल्या चौघी जमल्या की पापडांबरोबर बरंच काही वाळत घातलं जातं. तयार पाकिटं आल्यापासून ते कमी झालं, याची मला खंत आहे.

सगळं सवयींवर सोडणं

दोन आठवड्यांहून जास्त झोप, जेवण किंवा काम बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड वाढलेलं असलं तरी धडधड आणि घाबरल्यासारखं होतं, रक्त कमी असलं तरी धाप लागते. तपासण्या होऊ द्या. मेडिकलवरून कोणाच्या तरी चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या आणू नका, काही आठवड्यांत त्यांची सवय जडते.

घरातलं माणूस ‘आता जगून काय करायचं’ असं बोलत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. जिवाचा विचार येतो का, असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि १४४१६ लावा: १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फोन मोफत, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी लावला तरी चालतो.