जर्मनीत नोकरी आणि कंपनीकडून व्हिसा: अर्ज करायच्या आधीची तयारी

"कंपनी व्हिसा स्पॉन्सर करते का?" जर्मनीला जायचं म्हणणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो आणि बऱ्याच जणांचं गाडं तिथेच अडतं. ब्रिटनमधे कंपनीकडे आधी सरकारी लायसन्स लागतं, अमेरिकेत एच-वन-बी ची लॉटरी, पण जर्मनीत यातलं काहीच नाही. कुठलीही कंपनी, अगदी तीस-चाळीस माणसांचा खेडेगावातला कारखाना असला तरी बाहेरच्या देशातला माणूस घेऊ शकते, त्यांनी करायचं काय तर नोकरीचा करार द्यायचा आणि एक सरकारी फॉर्म भरून सही करायची. अडचण ही की ज्यांनी भारतातून कधी कुणाला घेतलेलं नाही त्यांच्या एचआरला हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं वकील लागेल, वर्ष जाईल, कोण या भानगडीत पडणार, आणि ते छान शब्दांत नाही म्हणून मोकळे होतात. म्हणून मी जी यादी सांगतोय ती सगळी एकाच हिशोबाने बघा, समोरच्याला काही शोधावं लागता कामा नये, सगळी फाईल तुमच्याकडे तयार पाहिजे. इंजिनियर आणि आयटीवाल्यांना समोर ठेवून लिहितोय. नर्सेस आणि डॉक्टरांचं प्रकरण वेगळं असतं, तिथे आधी तुमचं शिक्षण तिथल्या राज्याकडून मान्य करून घ्यावं लागतं आणि जर्मन भाषा चांगली यावी लागते, ते इथे घेत नाही.

सगळ्यात पहिलं काम डिग्रीचं, आणि हे नोकरी शोधायच्या आधी, मिळाल्यावर नाही. आनाबिन नावाचा जर्मन सरकारचा ऑनलाइन डेटाबेस आहे, त्यात तुमचं विद्यापीठ शोधा, नावापुढे एच प्लस, म्हणजे विद्यापीठ मान्य असल्याची खूण, दिसली पाहिजे. मग त्याच डेटाबेसमधे तुमची डिग्री शोधा, बी.ई. असेल तर बी.ई., बी.टेक. असेल तर बी.टेक., आणि तिथे जर्मन डिग्रीशी ती जुळते असा शेरा आहे का बघा. दोन्ही पानांची पीडीएफ काढून ठेवा. कॉलेज नाही, विद्यापीठ शोधायचं, म्हणजे डिग्रीवर ज्याचं नाव छापलंय ते, खूप जण कॉलेजचं नाव टाकून मिळत नाही म्हणून घाबरतात. विद्यापीठ किंवा डिग्री सापडलीच नाही, किंवा एच प्लसच्या पुढे वजाचं चिन्हही लावलेलं आहे, तर झेडएबी या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी ऑफिसकडून डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याची फी २०८ युरो, आणि त्यात वेळ जातो, म्हणून म्हटलं हे आधी. तीन वर्षांची डिग्री असेल तर आनाबिनमधला शेरा दोनदा वाचा.

आता इथे आपल्याकडची एक खास गोष्ट. पास होऊन सात-आठ वर्षं झाली तरी कितीतरी जणांकडे डिग्री सर्टिफिकेटच नसतं, प्रोव्हिजनल आणि मार्कशीट यावरच सगळ्या नोकऱ्या झालेल्या असतात, कारण इथे कोणी मागितलेलं नसतं. पदवीदान समारंभाचा अर्ज केलेलाच नसतो. जर्मनीला मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं. विद्यापीठात अर्ज करा, फी भरा, पाठपुरावा करा, गावाकडे असाल तर कुणाला तरी चकरा मारायला लावा, पण हे आजच सुरू करा. आणि ते हातात आलं की नाव तपासा. आपल्या विद्यापीठांच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि कधी पुढे आईचं सुद्धा, पासपोर्टवर वडिलांचं नाव गिव्हन नेममधे, आधारवर तिसरंच काहीतरी, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या डिग्रीवर माहेरचं नाव. जर्मन क्लार्कला वडिलांचं नाव मधे घालायची पद्धत माहीत नाही, त्याला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात. त्यामुळे सीव्हीपासून करारापर्यंत सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तस्संच, त्याच क्रमाने, आणि नावात फरक असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट किंवा गॅझेटची प्रत फाईलला लावलेली. लग्नाचं सर्टिफिकेट मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर आत्ताच करून ठेवा, नवरा किंवा बायको नंतर येणार असेल तेव्हाही तेच लागणार आहे.

दुसरं पगाराचं गणित, इथे लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ईयू ब्लू कार्ड म्हणजे डिग्रीवाल्या परदेशी माणसांना तिथे राहून नोकरी करायचा परवाना, त्यासाठी २०२६ सालची अट वर्षाला ५०,७०० युरो ग्रॉस, म्हणजे टॅक्स कापायच्या आधी, आणि ज्या कामांना माणसं कमी आहेत त्यांच्यासाठी, ज्यात इंजिनियर आणि आयटी दोन्ही येतात, ४५,९३४.२० युरो. शेवटची डिग्री मिळून तीन वर्षांच्या आत असाल तर तुम्हालाही हा खालचाच आकडा लागू होतो. आयटीमधे डिग्री नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव दाखवता आला तर ब्लू कार्ड मिळू शकतं, तेही याच खालच्या आकड्यावर. आता बघा, महिन्याला ३,८०० युरोची ऑफर आली की माणूस खुश होतो, पण बारा महिन्यांचे होतात ४५,६००, म्हणजे साडेतीनशे युरोच्या आतबाहेर कमी पडले आणि ब्लू कार्ड गेलं. महिन्याला ३,८२८ असते तर बसलं असतं. बोनस, परफॉर्मन्सवर मिळणारी रक्कम यावर भरवसा ठेवू नका, करारात ठरलेली आणि नक्की मिळणारी ग्रॉस रक्कम धरा, तेरावा पगार असेल तर तो करारात पक्का लिहिलेला हवा. हे आकडे दर वर्षी १ जानेवारीला बदलतात आणि सहसा वरच जातात, नोव्हेंबर-डिसेंबरमधे ऑफर घेणाऱ्यांनी पुढच्या वर्षीचा आकडा धरून बोलावं. खालच्या आकड्यावर जाताना तिथल्या रोजगार खात्याची मंजुरी लागते, ते बघतात की त्याच कामाला तिथल्या माणसाला मिळतो त्यापेक्षा तुम्हाला कमी देत नाहीयेत ना, म्हणून फार कमी पगारावर हो म्हणून आपलं काम सोपं होईल हा विचार डोक्यातून काढून टाका.

सीव्ही दोन पानांचा, तारखा महिना आणि वर्षासकट, मधे गॅप असेल तर काय करत होतात ते एका ओळीत. आणि वरती, अगदी नाव-पत्त्याच्या खाली, एक ओळ घाला की डिग्री आनाबिनमधे मान्य आहे, ब्लू कार्डसाठी पात्र आहे, अमुक महिन्यापासून येऊ शकतो. ही एक ओळ एचआरची अर्धी भीती घालवते. नोकऱ्या बघायला जर्मन रोजगार खात्याचं स्वतःचं पोर्टल आहे, मेक इट इन जर्मनी ही सरकारी साईट आहे, लिंक्डइन आणि स्टेपस्टोन आहेतच. सगळे बर्लिन, म्युनिक आणि तीन-चार मोठ्या नावांच्या मागे धावतात, पण बाडेन-वुर्टेमबर्ग आणि बायर्नमधल्या गावागावांत मशीन, पंप, व्हॉल्व, सेन्सर बनवणाऱ्या मध्यम कंपन्या आहेत, चाकण-भोसरीत काम केलेल्या माणसाला ते काम ओळखीचं असतं, तिथे प्रयत्न करा. मात्र तिथे जर्मन लागतं. ब्लू कार्डला भाषेची अट नाही हे खरं, पण कारखान्यातला फोरमन इंग्रजीत बोलणार नाही, आणि जर्मनची बी-वन ही मधली पातळी झालेली असेल तर तुमचा अर्ज ढिगाऱ्यातून वर येतो. पुण्यात मॅक्स म्युलर भवनच्या परीक्षांच्या जागा पटापट भरतात, त्यामुळे क्लास लावतानाच परीक्षेची तारीखही डोक्यात ठेवा.

मुलाखतीत व्हिसाचा विषय निघाला की "तुम्ही स्पॉन्सर कराल का" असं विचारू नका. सांगा की माझी डिग्री मान्य आहे, ही घ्या पीडीएफ, तुमच्याकडून मला करार आणि एक फॉर्म लागेल, बाकी अर्ज मी करतो. त्या फॉर्मचं नाव एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस, म्हणजे नोकरीबद्दलचं निवेदन, जीभ वळत नाही पण पाठ करा, तो त्यांच्या रोजगार खात्याच्या साईटवर फुकट मिळतो, लिंक तुम्हीच पाठवा. भरून आला की स्वतः एकदा वाचा, पगार, आठवड्याचे तास, सुट्ट्या, सुरुवातीची तारीख हे सगळं करारात आणि फॉर्ममधे एकच पाहिजे. कामाचं वर्णन तुमच्या शिक्षणाशी जुळलं पाहिजे, मेकॅनिकल इंजिनियरच्या फॉर्ममधे एचआरने घाईत नुसतं 'प्रॉडक्शन' लिहिलं तर पुढे प्रश्न येतात, म्हणून डिझाईन, टेस्टिंग, क्वालिटी जे काय करणार ते नीट चार ओळींत लिहायला सांगा. सांगायला लाजू नका, ते लोक अशा नेमक्या सूचनांना उलट चांगलं मानतात. करार किमान सहा महिन्यांचा हवा आणि व्हिसा मिळाल्यावर लागू होईल असं वाक्य त्यात असेल तर दोघांच्याही डोक्याचा ताप कमी.

घाई असेल तर कंपनीला जलद प्रक्रियेबद्दल सांगा. यात कंपनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात तुमच्या वतीने अर्ज करते, फी ४११ युरो, तुम्ही त्यांना मुखत्यारपत्र सही करून द्यायचं, तिथून आगाऊ संमतीचं पत्र आलं की कॉन्सुलेटने तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट द्यायची आणि पूर्ण अर्ज गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय, असा नियम आहे. बायको-मुलांचे अर्जही त्यात बसवता येतात. मुखत्यारपत्राचा नमुना आधीच डाउनलोड करून ठेवा.

सुरुवातीची तारीख ठरवताना आपला नोटीस पिरियड विसरू नका, इथे आयटीत नव्वद दिवस असतो आणि जर्मनीत नोकऱ्या बहुतेक महिन्याच्या एक तारखेला सुरू होतात. व्हिसा हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, हे हात जोडून सांगतो. घरच्यांना आनंदाने सांगितलेलं असतं, मित्रांनी पार्टी घेतलेली असते, आणि राजीनामा देऊन बसलेल्या माणसाचा एक कागद अडकला की त्या घरात काय होतं ते मी जवळून बघितलंय. कंपनीला मोकळेपणाने सांगा की व्हिसानंतर मला तीन महिने लागतील, भारतातून आधी माणूस घेतलेल्या कंपन्यांना हे माहीत असतं आणि बाकीच्यांना समजावून सांगता येतं.

अनुभवाचे दाखले कंपनीच्या लेटरहेडवर, पद आणि तारखांसकट. आधीची कंपनी बंद पडली असेल तर पगारपत्रकं आणि पीएफचा तपशील जोडा.

पैशांचं बोलायचं तर करार मिळवून देतो म्हणून कुणी पाच-दहा लाख मागत असेल तर तिथून उठा. खऱ्या जर्मन कंपनीला तुमच्याकडून पैसे नको असतात. कंपनी खरी आहे का बघायचं तर तिच्या साईटवर इम्प्रेसुम नावाचं पान शोधा, ते तिथे कायद्याने बंधनकारक आहे, त्यात पत्ता आणि व्यापार नोंदणीचा नंबर असतो, तो नंबर सरकारी नोंदवहीत ऑनलाइन तपासता येतो. आपल्याकडचा एजंट असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का बघा, नोंदणीकृत एजंटला सुद्धा ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी याहून जास्त फी घेता येत नाही. अजून एक, डिग्रीला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, करून देतो म्हणून लोक हजारो रुपये घेतात. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, ते तिथे चालतच नाही, तो खर्च वाचवा.

अर्ज आता ऑनलाइन, जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येतात. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो, व्हिसा अर्ज केंद्राचा चार्ज वेगळा. स्कॅन स्वच्छ करा, मोबाईलने तिरका फोटो काढून टाकू नका, पासपोर्टची मुदत भरपूर शिल्लक असू दे, आणि उतरल्या दिवसापासून नोकरी सुरू होईपर्यंतचा आरोग्य विमा घ्या, नोकरी सुरू झाली की कंपनीमार्फत तिथला विमा लागतो. पूर्वी व्हिसा नाकारला तर पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली, आता नव्याने अर्ज करा किंवा बर्लिनच्या कोर्टात जा. म्हणून अर्धवट फाईल 'बघू तर' म्हणून टाकण्यात काहीच अर्थ नाही, एक कागद यायचा असेल तर दोन आठवडे थांबा पण पूर्ण फाईल द्या.

जोडीदारासाठी चांगली बातमी ही की ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला जर्मन परीक्षेची अट नाही आणि गेल्यावर लगेच कामही करता येतं. स्वतःची भाषा मात्र सोडू नका, ब्लू कार्डवर कायमचं वास्तव्य जर्मनची ए-वन ही पहिली पातळी असेल तर २७ महिन्यांनी आणि बी-वन असेल तर २१ महिन्यांनी मागता येतं. नोकरी बदलायचं डोक्यात असेल तर पहिल्या बारा महिन्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं, ते तीस दिवस तो बदल रोखून तपासू शकतात, त्यामुळे नव्या कंपनीची तारीख ठरवताना तो महिना मोजून ठेवा.