सेकंडहॅन्ड ऑटोमॅटिक गाडी हिसके मारते? गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी या चुका टाळा

कापसाचे चुकारे हाती आले की यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या गावांतून सेकंडहॅन्ड गाड्यांची चौकशी सुरू होते आणि आता त्या चौकशीत ऑटोमॅटिक गाडीही हमखास असते. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी (क्लच-गिअर आपोआप चालवणारी स्वस्त यंत्रणा) आणल्यानंतर ऑटोमॅटिक ही फक्त महागड्या गाड्यांपुरती सोय राहिली नाही, आणि त्या काळातल्या गाड्या आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या आहेत. त्यांच्याविषयीची तक्रार बहुधा एकच असते : गाडी हिसके मारते. या तक्रारीवर सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे हे न पाहताच उपाय सुरू करणे. एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा), सीव्हीटी (पट्टा-पुलीवर चालणारा) आणि ड्युअल क्लच (दोन क्लच असलेला) या चारही प्रकारांत हिसक्याची कारणे वेगळी असतात, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर चांगला गिअरबॉक्सही खराब होतो.

आपल्या भागात एएमटी गाड्या मोठ्या संख्येने भेटतात, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो. एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि त्यातली क्लचप्लेटही तशीच असते. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम हातापायाऐवजी ॲक्चुएटर नावाची छोटी यंत्रणा करते आणि तिला आज्ञा कंट्रोल युनिटकडून, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाकडून मिळते. त्यामुळे पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना गाडीने किंचित मान हलवणे हा दोष नव्हे. गिअर बदलण्याच्या वेळी ॲक्सिलरेटर थोडा सैल सोडला की हा झोल बराच कमी होतो. याउलट थांबलेली गाडी सुटताना थरथरत असेल, चढावर मागे घेताना जळका वास येत असेल किंवा इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लचप्लेट संपत आली आहे असे समजावे. ती लवकर संपण्यामागे एक सवय असते : पुलाच्या किंवा रेल्वे फाटकाच्या चढावर ब्रेक न दाबता केवळ ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे.

क्लचप्लेट नवी टाकली तरी हिसके तसेच राहिल्याच्या कहाण्या ऐकू येतात, आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी एकच काम राहून गेलेले असते. नवी प्लेट कोणत्या बिंदूला पकड घेते हे कंट्रोल युनिटला स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे तपासणी यंत्र) लावून शिकवावे लागते. गॅरेजमध्ये याला क्लच लर्निंग म्हणतात. ते न करता गाडी ताब्यात घेतली, तर युनिट जुन्या, झिजलेल्या प्लेटच्या हिशेबानेच क्लच सोडत राहते. मिस्त्री हाताचा कितीही कसबी असला तरी योग्य स्कॅनरशिवाय हे काम होत नाही, म्हणून काम देण्यापूर्वीच ही विचारणा करावी. दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बॅटरी. ॲक्चुएटर विजेवर चालतो. बॅटरी मरगळलेली किंवा तिचे टर्मिनल गंजलेले असेल तर गिअर अडखळत पडतो, कधी न्यूट्रलमध्येच राहतो, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. ज्या गाड्यांत ॲक्चुएटर हायड्रॉलिक असतो, त्यात त्याचे तेल गिअर ऑइलहून वेगळे असते आणि त्याची पातळी वेगळी तपासावी लागते.

हिसका गिअरबॉक्सचा की इंजिनाचा, हा प्रश्न प्रत्येक प्रकारच्या गाडीत आधी सोडवला पाहिजे. त्यासाठी मॅन्युअल मोड असेल तर मोकळ्या रस्त्यावर गाडी त्यात टाकून तिसऱ्या गिअरवर धरावी आणि हळूहळू वेग वाढवावा. गिअर बदलत नसतानाही झटके येत असतील, तर इंजिन मिसिंग करत असण्याची, म्हणजे इंधन मधूनमधून नीट पेटत नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी प्लग, इग्निशन कॉइल, कार्बन धरलेली थ्रॉटल बॉडी आणि फ्युएल फिल्टर पाहावेत. गाडी ‘डी’वरून ‘आर’वर टाकताना धाडकन आवाज होत असेल, तर इंजिन फाउंडेशनचे रबर तपासावे. बॉनेट उघडून, ब्रेक पक्का दाबून दुसऱ्या कोणाला ‘डी’ आणि ‘आर’ आलटून पालटून टाकायला सांगितले की इंजिन किती उचलले जाते ते बाजूला उभे राहून स्पष्ट दिसते. पाहणाऱ्याने गाडीच्या समोर किंवा मागे मुळीच उभे राहू नये.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांची दुखणी बहुधा तेलाशी निगडित असतात. सकाळी ‘डी’ टाकल्यावर गाडीने उचल घ्यायला दोन-तीन सेकंद लावले, किंवा ५० ते ८० किमी वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथर जाणवली, तर तेलाची पातळी, तेलाचे वय आणि लॉक-अप क्लच (ठराविक वेगानंतर इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) या क्रमाने संशय घ्यावा. ‘हे तेल आयुष्यभर पुरते’ या सांगण्यावर विसंबू नये. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उष्णतेने तेल लवकर म्हातारे होते. त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी दिलेले अंतर आपल्याला लागू आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

उन्हाळ्यात आणखी एक चूक नकळत होते. अनेक सीलबंद गिअरबॉक्सना डिपस्टिक, म्हणजे तेल मोजण्याची पट्टी नसते. इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ४० अंशांच्या आसपास असताना लेव्हल प्लग (पातळी दाखवणाऱ्या छिद्राचे बूच) उघडून पातळी पाहायची असते, आणि नेमका आकडा मॉडेलनुसार ठरतो. दुपारी उन्हात उभी असलेली गाडी तपासायला घेतली तर तेल आधीच फुगलेले असते, प्लगमधून जास्तीचे वाहून जाते आणि तेल कमी असतानाही पातळी बरोबर आहे असे वाटते. हे काम पहाटेच करून घ्यावे. गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर उघडला तर त्यातल्या चुंबकावर बोट फिरवून पाहावे : मऊ करडा लेप ही नेहमीची झीज असते, पण बोटाला टोचणारे धातूचे कण असतील तर आतला भाग तुटतो आहे. वर्षानुवर्षे न बदललेले तेल मशीनच्या दाबाने एकदम फ्लश करण्यापेक्षा, थोडे काढून तितकेच भरणे आणि काही दिवसांनी ते पुन्हा करणे हे माझ्या मते अधिक सुरक्षित आहे.

सीव्हीटीमध्ये पायऱ्यांचे गिअर नसून पोलादी पट्टा आणि दोन पुली असतात, त्यामुळे तिथला खरा हिसका हलका घेऊ नये. त्यात सीव्हीटीचेच तेल लागते. साधे एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) टाकले तर पट्टा घसरतो. कोरड्या (तेलात न बुडालेल्या) ड्युअल क्लचची गाडी बाजारातल्या गर्दीत रांगत चालवली की क्लच तापतो आणि थरथर वाढते. ती थंड झाल्यावरही टिकत असेल, तर त्या प्रकाराचा जाणकार गाठावा.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल तर ती पाहणी दुसऱ्या सकाळवर ढकलावी, कारण थंड गिअरबॉक्सच खरे बोलतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात नागपुरात असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. अशा गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ब्रीदरवाटे (हवा जाण्याच्या छिद्रातून) पाणी शिरू शकते आणि तेल दुधाळ दिसू लागते, म्हणून त्या भागातल्या गाडीचे तेल काढून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. स्वस्त स्कॅनरवर पी०७०० हा कोड आला तर ते निदान नव्हे. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये वेगळा कोड नोंदलेला आहे एवढीच ती सूचना असते, आणि तो वाचण्यासाठी त्या युनिटपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. कोड पुसून दिलेली गाडी ३०-४० किमी चालवून पुन्हा तपासावी.

पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळ्या मातीत चाक रुतले की ‘डी’ आणि ‘आर’ भराभर बदलत गाडी झुलवू नये. चाक जागीच फिरते आणि क्लच व तेल दोन्ही जळतात. चाकाखाली फळी किंवा पऱ्हाटी घालून, माणसे लावून गाडी बाहेर काढावी. बंद पडलेली टॉर्क कन्व्हर्टरची किंवा सीव्हीटीची गाडी ट्रॅक्टरला बांधून टोचन करत तालुक्यापर्यंत नेऊ नये, कारण इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. पुढच्या चाकांना शक्ती देणारी गाडी असेल तर पुढची चाके उचलून आणि हँडब्रेक सोडून न्यावी, आणि शक्य असेल तर ती सरळ ट्रकवर चढवावी.