प्रश्नमंजुषेची टीम बांधताना

वर्गातले पहिले तीन नंबर उचलले की टीम झाली, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटतं. मी तसं करत नाही. त्या तिघांना बहुधा एकच गोष्ट येत असते आणि एकच येत नसते. आठवी-नववीच्या मुलांची लेखी चाचणी घ्यावी आणि एकाचं जिथे चुकलंय तिथे दुसऱ्याचं बरोबर आहे का, ते बघावं. नकाशा कोळून प्यायलेली एखादी मुलगी, पेपर मागच्या पानापासून वाचणारा एखादा मुलगा, अशी जोडणी करावी.

गाईडमधले एका ओळीचे प्रश्न पाठ करून घेऊ नका. बझर राउंडचा प्रश्न लांबलचक असतो: ‘फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या या गृहस्थांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम चालवला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं.’ सरावात मी हा तुकड्यातुकड्याने वाचते. ‘गणित’ ऐकून बझर दाबणाऱ्याला थांबवते, कारण फर्ग्युसनमध्ये गणित टिळकांनी आणि गोखल्यांनीही शिकवलंय. ‘हिंगणे’ आलं की मात्र हात गेलाच पाहिजे. भारतरत्नपर्यंत वाट बघाल तर शेजारची टीम ‘महर्षी कर्वे’ म्हणून मोकळी झालेली असेल.

याहून चांगला सराव म्हणजे मुलांनाच प्रश्न काढायला लावणं. विषय द्यायचा, समजा, भारतातली पहिली प्रवासी रेल्वे. बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, एवढं सगळेच लिहितात. गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती, हे शोधून त्यावरून प्रश्न सुरू करणारं पोर टीममध्ये हवंच.

बझर विकत आणायची गरज नाही, टेबलावरची घंटी चालते. उत्तर फक्त कॅप्टनने द्यायचं. बाकीच्यांनी कागदावर लिहून सरकवायचं; कुजबुज केली की पास झालेला प्रश्न पुढच्या टीमला फुकट मिळतो.

स्पर्धेच्या दिवशी नियम आधी विचारून घ्या: निगेटिव्ह मार्किंग आहे का, पास प्रश्नाला गुण किती, आडनावावर उत्तर धरणार का. आक्षेप असेल तर कॅप्टनने तिथल्या तिथे, पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत हात वर करावा. राउंड संपल्यावर सरांनी जाऊन वाद घालण्यात अर्थ नसतो.