लॅटिनमधले 'परके' : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

लॅटिन शिकायला घेतलं की होस्तिस, पेरेग्रिनुस, आद्वेना, बार्बारुस हे सगळे शब्द थोड्याफार फरकाने 'परका' असाच अर्थ लेवून समोर येतात. यादी पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. माझ्या वहीत प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य आणि ते कुठल्या काळातलं, एवढंच असतं.

ही सवय लागली रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोमुळे. 'दे ओफिकीइस' या कर्तव्यांवरच्या ग्रंथात तो सांगतो, आपण ज्याला पेरेग्रिनुस म्हणतो त्याला पूर्वज होस्तिस म्हणत. पुरावा म्हणून तो बारा पट्टिकांचा कायदा काढतो, म्हणजे रोमचा जुना लेखी कायदा, इ.स.पू. 450च्या आसपासचा. त्यात होस्तिसबरोबरच्या खटल्याची नेमलेली तारीख येते. तिथे शब्दकोशातला 'शत्रू' घालून बघा : शत्रूबरोबर कोर्टाची तारीख कोण घेतं? पुढे परक्याला पेरेग्रिनुस शब्द रुळला आणि होस्तिसकडे वैर तेवढं उरलं.

पेरेग्रिनुस हा मुख्यतः कायद्याचा शब्द. स्वतंत्र आहे, पण रोमचा नागरिक नाही, असा माणूस. अशांचे खटले इतके वाढले, की इ.स.पू. 242च्या सुमारास वेगळा प्रेटर (न्यायदान बघणारा रोमन अधिकारी) नेमावा लागला. इ.स. 212मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं आणि या शब्दाचं कायद्यातलं काम बरंचसं संपलं. मध्ययुगीन मजकुरात तो भेटला, तर बहुधा यात्रेकरू असतो.

आद्वेना म्हणजे बाहेरून आलेला, इन्कोला म्हणजे इथे राहणारा. संस्कृत शिकलेल्यांनी इथे जपावं. दोन्ही 'माला'सारखे स्त्रीलिंगी वाटतात, पण पुरुषाबद्दल असतील तर विशेषण पुल्लिंगीच लागतं : आद्वेना नोवुस, म्हणजे नवा आलेला. होस्पेस तर पाहुणाही आणि यजमानही. कोण कोणाच्या घरी आहे ते बघूनच ठरवायचं.

बार्बारुसची गंमत रोमन विनोदी नाटककार प्लाउतुसकडे. ग्रीक नाटक लॅटिनमध्ये आणताना तो स्वतःबद्दल 'वोर्तित बार्बारे' म्हणतो, म्हणजे 'रानटी भाषेत आणलं'. ग्रीकांच्या लेखी लॅटिनच रानटी!

सरावाला सिसेरोच्या त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागातलं हे वाक्य घ्या : 'उसू वेरो ऊर्बिस प्रोहिबेरे पेरेग्रिनोस साने इनहुमानुम एस्त'. परक्यांना शहर वापरू न देणं हे अगदीच अमानुष, असं तो म्हणतो. कर्ता शोधताना पेरेग्रिनोसकडे जाऊ नका, ते कर्म आहे. 'प्रोहिबेरे' (रोखणं) हे क्रियारूपच इथे कर्ता आहे, म्हणून इनहुमानुम नपुंसकलिंगी.