वस्तीतल्या बायका कॅन्सर तपासणीला याव्यात म्हणून

'कॅन्सर तपासणी शिबिर' असा फलक लागला की निम्म्या बायका फिरकत नाहीत. "मला कुठं काय झालंय?" हा एक सूर, आणि "निघालंच काही तर?" हा दुसरा. पुण्यातली जनता वसाहत असो की रामटेकडी, फलकावर लिहा: 'तोंड, छाती आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. वय ३० ते ६५. तपासणारी बाईच असेल.' शेवटचं वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरात. कॅन्सर हा शब्द लपवायचा नाही. तो आशाताईंनी, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकेने, उंबऱ्यावर बसून सांगायचा, फलकाने नव्हे.

वेळ दुपारी २ ते ५. सकाळी पाणी भरणं, मग धुणीभांडी आणि पोळ्यांची कामं. बाई मोकळी होते ती दीडनंतर. पालखीचा मुक्काम, गणपती, नवरात्र टाळा. संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस चांगले, पण निमंत्रण हळदीकुंकवाचं देऊ नका. विधवा बायका आपणहून मागे राहतात, आणि त्यांची तपासणी तितकीच गरजेची असते. 'तिळगुळाला या' म्हणा आणि त्यांच्या घरी आधी जा.

गर्दी जमवू नका. कपडे बदलण्यासह एका बाईला दहा मिनिटं लागतात, म्हणजे एका टेबलावर तीन तासांत १५ ते १८ जणी. निरोप पंचवीस जणींना द्या, चिठ्ठीवर प्रत्येकीची वेळ घालून. काहींची पाळी सुरू असेल. त्यांना तिथेच पुढच्या आठवड्याची चिठ्ठी द्या. शंभर जणी बोलावल्या की चाळीस जणी रांगेतून परततात, आणि परतलेली बाई पुन्हा येत नाही.

पिशवीच्या तोंडाची तपासणी ५ टक्के ॲसिटिक ॲसिडने होते: ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, हातमोजे घालून, त्याच दिवशी बनवलेलं. कालचं वापरू नका. द्रावण लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं; दोष असेल तिथे पांढरा डाग उमटतो. घाईत वीस सेकंदांत बघितलं तर तो उमटलेलाच नसतो आणि कागदावर 'नॉर्मल' लिहिलं जातं. पिवळा बल्बही फसवतो. पांढरा, प्रखर दिवा हवा. स्पेक्युलम (आतला भाग दिसावा म्हणून वापरायचं साधन) प्रत्येकीला वेगळं, निर्जंतुक केलेलं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये बघायचा भाग आत सरकतो, तिथे ही पद्धत भरवशाची नाही; त्यांच्यासाठी एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीची सोय बघा.

तोंड तपासताना "तंबाखू खाता का?" विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?" असं विचारा. टॉर्चने दोन्ही गाल, जिभेखाली, ओठ आणि हिरडीमधली खाच बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी तीन बोटं तोंडात न जाणं, यातलं काहीही दिसलं की पुढे पाठवायचं.

आणि खरी गळती इथेच होते. "ससूनला जाऊन या" एवढ्यावर बाई जात नाही. कामाचा खाडा होतो, केसपेपर कुठे काढायचा माहीत नसतं, नवऱ्याला काय सांगायचं हाही प्रश्न. म्हणून शिबिराच्या आधीच रुग्णालय, ओपीडीचा वार आणि खोली ठरवून ठेवा. डाग दिसलेल्या सगळ्यांना एकाच दिवशी, आशाताईंबरोबर न्या. आधार आणि रेशनकार्ड बरोबर असू द्या. पुढे उपचार लागलेच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतील.

सांगायचं असं: "डाग दिसलाय, दुर्बिणीतून बघायला हवं. हा कॅन्सर आहे असं नाही, पण असाच सोडला तर कधी कधी पुढे होतो." पुढचा प्रश्न ठरलेला: "पिशवी काढणार का?" त्यावर, लवकर सापडलेला डाग बहुतेक वेळा काही मिनिटांत जाळून टाकता येतो, पिशवी जागेवरच राहते, हे स्पष्ट सांगा.

फोन नंबर घेताना तो कोणाकडे असतो ते विचारा. नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा असेल तर निरोप फक्त "ताईंना भेटा" एवढाच. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना 'रिपोर्ट डोळ्यांनी पाहिला' असा ठेवा, आणि तो भरेपर्यंत त्या बाईच्या नावापुढे बरोबरची खूण करू नका.