सोलापुरात फिल्टर घेताय? आधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की आपल्याकडे दारोदार फिल्टर विकणारे फिरू लागतात. त्यांचा एक प्रयोग ठरलेला असतो. एका ग्लासात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओचं, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राचं. दोन्हीत विजेच्या कांड्या सोडायच्या. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी होतं, वर घाण तवंग येतो, आणि घरातली मंडळी हबकून हप्ता ठरवून मोकळी होतात. तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नसतात, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, मग गंमत बघा.

दुसरी चूक टीडीएस मीटरवर सगळी भिस्त ठेवण्याची. हे मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, बस्स. काविळीचे विषाणू, गॅस्ट्रोचे जंतू, कीटकनाशकं यातलं त्याला काहीच कळत नाही. मीटर १५० दाखवत असताना पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची पसंतीची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ई. कोलायला, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जंतूला, मात्र सूट नाही. १०० मिलिलिटरमध्ये तो एकही सापडता कामा नये.

सोलापुरात खरी मेख पाणी काही दिवसांआड येतं यात आहे. उजनीचं असो, टाकळीचं असो की हिप्परग्याचं, शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून सुटलेलं पाणी आणि तुमच्या ग्लासातलं पाणी यांत बराच प्रवास असतो. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामे पडतात आणि गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत झिरपतं. त्यात आपण काय करतो, तर नळाला थेट मोटार लावतो! मोटार ओढते तेव्हा पाइपमधला दाब आणखी पडतो आणि बाहेरची घाणही आत खेचली जाते. शेजाऱ्याचं पाणी पळतं ते वेगळंच. मोटार लावायचीच तर आधी नळाचं पाणी जमिनीखालच्या हौदात पडू द्या आणि हौदातून वर चढवा. आणि पाणी सुटल्यावर पहिल्या काही बादल्या पिण्यासाठी भरू नका, धुण्याभांड्याला वापरा.

साठवण हा पुढचा घोळ. क्लोरीन पिंपात दिवसागणिक उडून जातो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या पाण्याला कसलंच संरक्षण उरत नाही. हात बुडवून तांब्या भरला की जंतूंची सोय झालीच. झाकण, ओगराळं किंवा तोटी, आणि आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करणं, एवढं केलं तर डेंग्यूच्या डासालाही आळा बसतो. आशाताई मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण) देऊन गेल्या तर बाटलीवरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा.

आता फिल्टर. महापालिकेचं पाणी पिणाऱ्या आणि टीडीएस ५०० च्या आत असणाऱ्या घराला आरओची गरज नाही. असा आरओ साधारण एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर गटारात सोडतो आणि टंचाईच्या गावात ती निव्वळ चैन आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असं केंद्राला सांगितलं होतं. अशा घराला गाळ अडवणारी कँडल, वासासाठी कार्बन आणि जंतूंसाठी यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) पुरे. यूव्हीला पाणी नितळ लागतं. गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या कणांआड लपतात आणि दिवा नुसता जळत राहतो. लाइट जाण्याचा त्रास असेल तर यूएफ बरा, त्याला वीज लागत नाही.

बोअरचं प्रकरण वेगळं. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी जड. गिझरवर पांढरा थर, साबणाला फेस नाही, डाळ शिजेना. सेप्टिक टँक जवळ असेल तर नायट्रेटचीही भीती असते, आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तान्हं बाळ घरात असेल तर बोअरचं पाणी तपासल्याशिवाय त्याला देऊ नका. इथे आरओ योग्य, पण आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्यातल्या शासकीय प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक केलेली घ्या. घरची कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही.

काही तक्रारी घरीच ओळखता येतात:

पाणी दुधासारखं दिसतं आणि ग्लासात तळापासून वर निवळतं: हवेचे बुडबुडे आहेत, घाबरू नका.

ब्लीचिंगचा उग्र वास: पाणी झाकून काही तास ठेवलं की कमी होतो.

माती किंवा शेवाळाचा वास: कार्बन बदला.

काळपट रंग, गटाराची दुर्गंधी: फिल्टरवर विसंबू नका. ते पाणी पिणं थांबवा, झोन कार्यालयात तक्रार करा आणि तोवर उकळलेलं टँकरचंच वापरा.

फिल्टरच्या पाण्याची चव अचानक बदलली: मेम्ब्रेनच्या (आरओच्या आतल्या पडद्याच्या) नावाने बिल फाडण्याआधी मेकॅनिकला आतली टाकी उघडून दाखवायला सांगा. कार्बन क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे टाकीत साठलेल्या पाण्यात बुळबुळीत थर धरायला वेळ लागत नाही. गावाला जाऊन आलात तर ती टाकी आधी रिकामी करा.